मेळघाट

मेळघाट हा महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागातील, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत वसलेला डोंगराळ प्रदेश आहे. धारणी व चिखलदरा हे तालुके त्यात मोडतात. अनेक घाटांचा मेळ, असा नावाचा अर्थ सांगितला जातो.

भूगोल

दक्षिणेस वऱ्हाडच्या मैदानातून डोंगराचा कडा एकदम उभा राहतो. उत्तरेस भूमी तापीच्या खोऱ्याकडे उतरत जाते. वैराट (सुमारे ११७८ मीटर) हे येथील सर्वोच्च ठिकाण. सिपना, गडगा, खंडू, खापरा व डोलार या नद्या तापीला मिळतात. उतार तीव्र असल्याने पावसाचे पाणी लवकर वाहून जाते आणि उन्हाळ्यात टंचाई भासते. अरण्य पानझडी असून त्यात साग प्रमुख आहे. ‘सिपना’ या कोरकू शब्दाचा अर्थही सागच.

वस्तीचा इतिहास

येथील मुख्य रहिवासी कोरकू होत. त्यांची भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातील नसून संथाळी व मुंडारी यांच्या मुंडा गटातील आहे. हा गट प्रामुख्याने पूर्व भारतात आढळतो. कोरकू ही त्याची सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. ‘कोरकू’ म्हणजे माणसे. समोरासमोर दोन ओळींत घरे व मधून रस्ता, ही त्यांच्या गावाची जुनी रचना. गवळी व गोंड यांच्याही वस्त्या आहेत.

गाविलगड किल्ल्याचे बांधकाम बहमनी सुलतान अहमदशहा याने सुमारे १४२५ मध्ये केले. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. किल्ल्याच्या लढायांची नोंद तपशीलवार मिळते, पायथ्याच्या पाड्यांची क्वचितच. त्यांच्या जीवनात खरा पालट घडला तो वनव्यवस्थेमुळे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर जंगले राखीव झाली, फिरत्या शेतीला आळा बसला आणि वनखात्याच्या कामासाठी मजूर मिळावेत म्हणून वनग्रामे वसविण्यात आली. तेथील शेतकरी पिढ्यानपिढ्या जमीन कसत असला तरी तिचा मालक नव्हता.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी हा एक. या शतकाच्या आरंभी कोहा, कुंड व बोरी ही गावे गाभा क्षेत्रातून अकोट परिसरात हलविण्यात आली. पुढे इतर गावांचेही पुनर्वसन झाले. मैदानात रस्ता व दवाखाना जवळ आला; मोह, तेंदू व गुरांचे रान मात्र मागे राहिले. काही पुनर्वसित कुटुंबे जंगलात परतल्याने जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी व आदिवासी यांच्यात संघर्षही झाला.