सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन (२००९)

सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीवाचून करता येणार नाही, असा निर्वाळा देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. पी. सदाशिवम व न्या. बी. एस. चौहान यांच्या पीठाने २१ जुलै २००९ रोजी गर्भपाताला स्थगिती दिली आणि २८ ऑगस्टला सविस्तर कारणे नोंदवली. अशा व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह नेहमीच टवाळीतून दिसतो असे नाही. ‘तिच्याच भल्यासाठी’ म्हणूनही तो पुढे येतो. या खटल्यात तो तसाच आला.

संबंधित तरुणी अनाथ होती आणि चंदीगडच्या शासकीय आश्रयगृहात राहत होती. मे २००९ मध्ये ती गरोदर असल्याचे उघडकीस आले. आश्रयगृहातच तिच्यावर बलात्कार झाला होता. तिचे सांभाळकर्ते म्हणून प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. तरुणीला मूल हवे आहे, ही गोष्ट समितीपुढे आली. तरीही १७ जुलैला उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. जिथे तिचे रक्षण झाले नाही तीच व्यवस्था आता तिचे हित ठरवत होती, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने आधी कायद्याचा मजकूर तपासला. वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ नुसार स्त्री अल्पवयीन किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची संमती पुरते. २००२ च्या दुरुस्तीने मनोरुग्णाच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली होती. म्हणजे अशा सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती आवश्यकच ठरते. मातृत्व स्वीकारायचे की नाही हा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असेही न्यायालयाने म्हटले; पुढच्या काळात हा निकाल मुख्यतः याच विधानासाठी उद्धृत होत राहिला. गर्भ १९ आठवड्यांपलीकडे गेला होता आणि तेव्हाची मर्यादा २० आठवड्यांची होती. इतक्या उशिरा गर्भपात केल्यास तिच्या प्रकृतीला असलेला धोकाही विचारात घेतला गेला. मुलाचा सांभाळ कोण करणार, या रास्त प्रश्नावर बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या कल्याणासाठीच्या राष्ट्रीय न्यास या वैधानिक संस्थेने मदतीची तयारी दाखवली.

निकालाचे खरे मोल मात्र ‘मानसिक वय’ या कल्पनेला त्याने दिलेल्या उत्तरात आहे. तरुणीचे मानसिक वय नऊ वर्षांच्या मुलाइतके धरले गेले होते. हा आकडा एकदा कागदावर आला की समोरची बाई दिसेनाशी होते आणि मूल तेवढे दिसू लागते. न्यायालयाने हे मानले नाही. सौम्य किंवा मध्यम अक्षमता असलेल्या व्यक्ती चांगले आईवडील होऊ शकतात, असे सांगून सुप्रजननवादी विचारांपासून सावध राहण्याचा इशाराही त्याने दिला. त्या विचाराचा इतिहास भयंकर आहे: ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिकदृष्ट्या अक्षम ठरवलेल्या स्त्रीच्या सक्तीच्या नसबंदीला आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली होती. महाराष्ट्रालाही हे परके नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये १९९४ साली ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. स्त्रीसंघटनांनी निषेध केल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. स्वच्छता राखता येत नाही म्हणून अवयव काढायचा, या युक्तिवादाला वैद्यकीय म्हणणे कठीण आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० ने मुक्त व समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना मनाई केली. कलम ९२ नुसार दिव्यांग स्त्रीचा संमतीविना गर्भपात करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते. पण तीव्र अक्षमता असल्यास डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती पुरेशी मानली आहे. ‘तीव्र’ कोणाला म्हणायचे हे कलम सांगत नाही, आणि तिथेच जुन्या सवयीला वाव उरतो. गर्भपाताची मुदत वाढवणाऱ्या २०२१ च्या नियमांत तर मनोरुग्ण स्त्रियांच्या वर्गातच बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रियांचा समावेश आहे. गर्भपात कायद्यातील संमतीचे कलम त्यामुळे बदललेले नाही; पण २००९ मध्ये न्यायालयाने ज्या भेदावर निकाल उभा केला, तो नियम लिहिणाऱ्यांनी पाळला नाही.