औषधजनुकशास्त्र (भिवंडी–कल्याण परिसराच्या संदर्भात)

रुग्णाच्या जनुकांतील फरक पाहून औषध आणि मात्रा ठरवण्याचे शास्त्र. त्याचे नाव आज कर्करोगाच्या महागड्या उपचारांशी जोडले जात असले, तरी त्याच्या पायाशी हिवतापाची एक स्वस्त गोळी आहे. व्हायव्हॅक्स हिवतापाचे परजीवी यकृतात दडून बसतात व ताप उलटतो. त्यांवर प्रायमाक्विन १४ दिवस देतात. ज्यांच्यात जी-६-पीडी हे विकर कमी असते त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या औषधाने फुटतात, लघवी काळपट होते, हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. त्यामागचे कारण १९५६ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवले. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या विकराचा नवा प्रकार आढळला आणि त्याला भिवंडीशेजारच्या कल्याणचे नाव मिळाले. वेगळा समजला जाणारा ‘केरळ’ प्रकारही त्याच जनुकबदलातून येतो, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले.

भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कामगार राबतात. तालुक्यात आगरी, कोळी, वारली आहेत. या विकराच्या उणिवेचे प्रमाण समाजागणिक फार बदलते. त्यामुळे आडनाव किंवा गाव विचारून अंदाज बांधणे येथे धोक्याचे आहे. तपासायचे ते माणसाचे रक्त. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषात एकच प्रत असते, आणि मागावर बहुतांशी पुरुषच असतात.

कल्याण प्रकार तुलनेने सौम्य आहे, मग चाचणी कशाला, असे विचारले जाते. पण भारतात तीव्र भूमध्यसागरी प्रकारही आढळतो, आणि रुग्णाकडे पाहून दोन्ही ओळखता येत नाहीत. चाचणीमुळे उपचार लांबतील, हा आक्षेपही टिकत नाही: ताप उतरवण्यासाठी क्लोरोक्विन लगेच सुरू होते, प्रायमाक्विन एखादा दिवस थांबू शकते. जनुकाऐवजी विकर मोजणे पुरेसे आहे, हे म्हणणे मात्र बरेचसे खरे आहे. एक सदोष प्रत असलेल्या स्त्रीत तर विकराचे मोजमापच अधिक उपयोगी ठरते. पण नुकत्याच पेशी फुटून गेल्या असतील, तर उरलेल्या तरुण पेशींमुळे विकर पुरेसे असल्याचा भास होतो. तेव्हा जनुकचाचणीच खरे सांगते.

उणीव आढळली म्हणून औषध नाकारायचे नसते. अशा रुग्णाला देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, वजनाच्या दर किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, असे ८ आठवडे प्रायमाक्विन देता येते. विणलेल्या कापडावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला दर आठवड्याला दवाखाना गाठणे परवडत नाही. ही गोळी आणि लघवीच्या रंगाची चौकशी आरोग्यसेवकाने मागाच्या कारखान्यापर्यंत न्यायला हवी.