डोईपट्टी नाकारणारा शिक्षक : हेन्री डेव्हिड थोरो

ज्या ग्रंथकाराचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे, तो आपल्या देशाचा नाही व आपल्या धर्माचाही नाही. तरीसुद्धा गिरमिटावर अंगठा उठवून परमुलखात आलेल्या माणसांच्या वंशजांनी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हेन्री डेव्हिड थोरो यांचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकर्ड या गावी झाला. वडिलांचा शिसपेन्सिली तयार करण्याचा धंदा होता. १८३७ साली हार्वर्ड येथील शिक्षण पुरे करून थोरो गावच्या शाळेत शिक्षक झाले; परंतु मुलांना छडी मारलीच पाहिजे, असा वरिष्ठांचा आग्रह पडताच थोड्याच दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे १८४१ पर्यंत त्यांनी आपले बंधू जॉन यांच्यासह स्वतःची शाळा चालविली. तेथे छडी नव्हती, आणि मुलांना रानात व नदीकाठी नेऊन शिकविले जाई. ही हकीकत वाचताना, वर्गात अनेकदा छडी उचललेल्या या लेखकास मान खाली घालावी लागली आहे.

त्याच गावी राल्फ वॉल्डो इमर्सन हे थोर निबंधकार राहत होते. ईश्वरी तत्त्व निसर्गात व प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामी वसते, म्हणून सत्य ओळखण्यास अंतःकरणाची साक्ष पुरेशी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मताच्या मंडळींस अतींद्रियवादी म्हणतात. चार्ल्स विल्किन्स यांनी १७८५ साली प्रसिद्ध केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर या मंडळींत आदराने वाचले जाई. थोरो यांनी तर गीतेच्या वाचनाला प्रातःस्नानाची उपमा दिली आहे.

४ जुलै १८४५ रोजी थोरो वॉल्डन तळ्याकाठी इमर्सन यांच्या जमिनीवर स्वतः बांधलेल्या खोपटात राहावयास गेले. खोपटास अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, याचा हिशेब त्यांनी पैन् पै मांडून ठेवला आहे. घेवड्याची शेती करावी, वाचावे, लिहावे, असा क्रम दोन वर्षे दोन महिने चालला. मनुष्याच्या गरजा थोड्या असतात आणि त्या वाढविल्याने तो स्वतःच्याच वस्तूंचा चाकर बनतो, हा त्या वास्तव्याचा बोध १८५४ साली ‘वॉल्डन’ या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपले पणजे-आजेही मळ्यावरील खोपटांतच राहिले. पण ती त्यांची निवड नव्हती. थोरो यांना वाटेल तेव्हा दीड मैल चालून आईच्या घरी जेवावयास जाता येई. आपल्या पूर्वजांना मात्र परवान्यावाचून मळ्याबाहेर पाऊल टाकण्याची चोरी होती. साधे राहणे व साधे राहणे भाग पडणे या दोहोंत फार अंतर आहे. म्हणून थोरो यांचा थोरपणा केवळ त्या खोपटात शोधू नये.

तो दिसतो १८४६ सालच्या जुलै महिन्यातील एका रात्री. कित्येक वर्षे डोईपट्टी न भरल्याबद्दल त्यांना पकडण्यात आले. जे सरकार गुलामगिरीस आश्रय देते व मेक्सिकोवर युद्ध लादते, त्याच्या तिजोरीत आपण पैसा का घालावा, असा त्यांचा सवाल होता. आपल्या मॉरिशसमध्ये गुलामगिरी १८३५ साली कायद्याने बंद झाली होती व गुलामांची जागा गिरमिटिये भरून काढीत होते. अमेरिकेत मात्र माणसांचा बाजार चालूच होता. कोणीतरी परस्पर पट्टी भरल्यामुळे थोरो दुसऱ्या दिवशी सुटले. १८४९ साली त्यांनी या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला. कायदा जर तुमच्याच हातून दुसऱ्यावर अन्याय करवून घेत असेल, तर तो कायदा मोडावा, हे त्याचे सार होय.

हा निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला. १९०७ साली त्यांनी आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रातून त्याचा परिचय करून दिला. सत्याग्रह त्याआधीच सुरू झाला होता, हे गांधीजींनी स्वतःच नमूद केले आहे. तथापि या निबंधाने त्यांच्या विचारास बळकटी दिली. नाताळमध्ये गिरमिट संपल्यावर पुन्हा करार न करणाऱ्या व मायदेशीही न परतणाऱ्या हिंदी मजुरांवर दरसाल तीन पौंडांचा कर बसविलेला होता. १९१३ साली खाणींतील व उसाच्या मळ्यांवरील हजारो मजुरांनी त्याविरुद्ध काम बंद केले. त्यांनी मार सोसला, तुरुंग पत्करला, काहींनी प्राणही दिले. १९१४ साली तो कर रद्द झाला. त्यांतील बहुतेकांनी थोरो यांचे नावही ऐकले नसेल. थोरो एक रात्र तुरुंगात राहिले; या निरक्षर मजुरांनी घरदार पणाला लावले. विचार लिहून ठेवणारा मोठा, तसाच तो जगून दाखविणाराही मोठा.

६ मे १८६२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, थोरो क्षयाने निवर्तले. अमेरिकेतील गुलामगिरीचा अंत १८६५ साली झाला. तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. आज आपली मुले पदव्या घेतात, हुद्द्यांवर चढतात, याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु ज्या सहीने दुसऱ्या कोणाचे पोट किंवा मान तुडविली जाईल, त्या सहीला नकार देण्याचे धैर्यही त्यांना शिकविले पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या अंगठ्याचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग या लेखकास तरी ठाऊक नाही.