अ‍ॅडव्हेंचर बाइक घ्यायची आहे: ४५० सीसी पुरेल की ८०० सीसी हवी?

लडाखची सफर, कोकणातला किनारी रस्ता किंवा पावसाळ्यातले घाट डोळ्यांसमोर ठेवून अ‍ॅडव्हेंचर बाइक घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. तीन लाखांच्या आसपास मिळणारी ४०० ते ४५० सीसीची बाइक घ्यावी, की मोठे कर्ज काढून दहा लाखांच्या पुढची ८०० सीसीची? व्हिडिओ पाहून बहुतेकांचा कल मोठ्या बाइककडे झुकतो. पण घेतल्यावर वर्षभरात अनेकांना कळते, की चुकली ती इंजिनाची निवड नव्हे, तर वजनाची आणि वापराची.

थोडक्यात उत्तर असे: प्रवास बहुतेक वेळा एकट्याने, खराब रस्त्यांवर किंवा शहरातून होणार असेल, तर मध्यम बाइक जास्त उपयोगी. मागे सोबती, दोन्ही बाजूंना सामान आणि दिवसाला ५००-६०० किलोमीटरचा महामार्ग असे वारंवार घडणार असेल, तर मोठ्या बाइकचे पैसे वसूल होतात. या उत्तरामागची कारणे पुढे दिली आहेत.

अ‍ॅडव्हेंचर बाइक म्हणजे काय?

चांगल्या आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर लांबचा प्रवास करता यावा, यासाठी बनवलेली मोटारसायकल म्हणजे अ‍ॅडव्हेंचर बाइक. उंच हँडल, सरळ बसण्याची ठेवण, जास्त हलणारे सस्पेन्शन, जमिनीपासून भरपूर अंतर, मोठे पुढचे चाक आणि मोठी टाकी ही तिची ओळख.

मोठ्या अ‍ॅडव्हेंचर बाइकची सुरुवात सहसा बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या १९८० सालच्या गाडीपासून मानली जाते. सुमारे ८०० सीसी आणि ५० अश्वशक्तीच्या या गाडीच्या रॅली आवृत्तीने १९८१ मध्ये पॅरिस-डकार शर्यत जिंकली. भारतात हा प्रकार सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला तो २०१६ मध्ये आलेल्या ४११ सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनमुळे.

मध्यम आणि मोठी: दोन उदाहरणे

फरक नीट कळावा म्हणून भारतात विकल्या जाणाऱ्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहू.

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०: ४५२ सीसी, एक सिलिंडर, सुमारे ४० पीएस शक्ती आणि ४० न्यूटन मीटर टॉर्क. इंधनासह वजन १९६ किलो, सीटची उंची ८२५ मिमी, टाकी १७ लिटर.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीई: ७७६ सीसी, दोन सिलिंडर, सुमारे ८४ पीएस शक्ती आणि ७८ न्यूटन मीटर टॉर्क. वजन सुमारे २३० किलो, सीटची उंची ८५५ मिमी, टाकी २० लिटर.

दोन्ही गाड्यांना पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची चाक आहे. म्हणजे दोन्ही कच्च्या रस्त्याचा विचार करूनच बनवल्या आहेत. मोठ्या गाडीत शक्ती दुपटीहून जास्त, वजन सुमारे ३५ किलो जास्त आणि सीट ३ सेंटीमीटर उंच. कागदावर शक्तीचा आकडा सर्वात मोठा दिसतो. रस्त्यावर मात्र उरलेले दोन आकडे जास्त बोलतात.

जास्त ताकद नेमकी कुठे लागते?

पुण्याहून बेंगळुरूला जाताना चौपदरी रस्त्यावर मागे एक जण आणि ३० किलो सामान घेऊन ट्रक ओलांडायचा असेल, तर ८०० सीसीची बाइक गिअर न बदलताही झटकन पुढे जाते. ४५० सीसीच्या बाइकला गिअर खाली घ्यावा लागतो आणि इंजिन जास्त फिरवावे लागते. दोन सिलिंडरच्या इंजिनात वेगात थरथर कमी जाणवते. दिवसभराच्या प्रवासानंतर हात, पाठ आणि कान किती थकले, यात हा फरक दिसतो. मोठ्या बाइकचा खरा फायदा हाच: टोकाचा वेग नव्हे, तर भार असताना न दमता एकसारखा वेग राखणे.

पण हा फायदा वापरायला जागा किती, हेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यांवर मोटारसायकलींची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर तर दुचाकींना प्रवेशच नाही. ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या टप्प्यात ४५० सीसीचे इंजिन एकट्या चालकाला आरामात नेते.

वजन: फोटोत न दिसणारी गोष्ट

अ‍ॅडव्हेंचर बाइक कधी ना कधी पडतेच. बहुतेक वेळा ती वेगात पडत नाही. वळण घेताना खडीवर पाय घसरतो, उतारावर स्टँड नीट लागत नाही किंवा यू टर्न घेताना तोल जातो. गाडी एका ठराविक कोनापलीकडे झुकली, की २३० किलो आणि वर सामान दोन पायांच्या बळावर थांबवणे जवळपास अशक्य असते.

कोकणच्या किनारी रस्त्याचेच उदाहरण घ्या. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. लोखंडी उतरण ओली असते, मागे गाड्यांची रांग असते आणि पाय टेकायला धड जागा नसते. आत गेल्यावर गाडी हाताने मागेपुढे सरकवावी लागते. तिथे ८४ पीएसचा काही उपयोग नसतो, ३५ किलोंचा फरक मात्र लगेच कळतो. जांभ्या दगडाचा सुटा रस्ता, पावसात शेवाळलेली साकवाजवळची वाट, घाटात दरडीनंतर साचलेला चिखल, सगळीकडे हेच.

सीटची उंची याच हिशोबात येते. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या चालकाचे ८५५ मिमीच्या सीटवर बसून फक्त चवडे टेकतात. सपाट रस्त्यावर तेवढे पुरते. पण पाय टेकण्याच्या जागी खड्डा असेल, तर गाडी आडवी होते. सीट खाली करून मिळते, पण सीट उतरली म्हणून वजन उतरत नाही.

पडलेली गाडी उचलण्याची पद्धत कोणतीही बाइक घेण्याआधी शिकून घ्यावी. आधी इंजिन बंद करावे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असल्याची खात्री करावी. ती उजव्या बाजूला पडली असेल, तर डावीकडचा साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही. मग सीटला पाठ लावून, गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर मागे मागे चालत गाडी उभी करावी. कंबर वाकवून उचलायला गेल्यास पाठीला इजा होते. जी गाडी एकट्याने उचलता येत नाही, ती घेऊन निर्जन रस्त्यावर एकट्याने जाणे धोक्याचे आहे.

लडाखला मोठेच इंजिन लागते का?

हा सर्वात जास्त पसरलेला समज. त्यात थोडे तथ्य आहे. उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि शक्ती घटते. सुमारे ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत ही घट ढोबळमानाने ४० ते ४५ टक्के असते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचे प्रमाण हवेनुसार जुळवून घेते, पण नसलेली हवा आणू शकत नाही. म्हणजे ४० पीएसच्या गाडीत साधारण २२ ते २४ पीएस उरतात आणि ८४ पीएसच्या गाडीत ४६ ते ५०.

दोन माणसे आणि सामान असेल, तर २२ पीएसवर चढण जड जाते, हे खरे. पण एकट्यासाठी तेवढी शक्ती पुरते, कारण खिंडीजवळच्या उखडलेल्या रस्त्यावर वेग बऱ्याचदा ताशी २०-३० किलोमीटरच असतो. शिवाय विरळ हवेत दम चालकालाही लागतो. त्या उंचीवर चिखलात पडलेली गाडी उचलताना मैदानी भागातल्या निम्मीही ताकद अंगात उरत नाही.

इंधनाचाही विचार हवा. मनाली-लेह मार्गावर तांदीच्या पेट्रोल पंपाजवळची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. सतरा लिटरच्या टाकीत लिटरला २८ किलोमीटर देणारी मध्यम बाइक सुमारे ४७५ किलोमीटर जाते. वीस लिटरच्या टाकीत लिटरला २१ किलोमीटर देणारी मोठी बाइक सुमारे ४२० किलोमीटर जाते. टाकी मोठी, पण पल्ला मोठा नाही.

खर्चाचे खरे गणित

हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये २.६९ लाख रुपयांच्या सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमतीत आली. व्ही-स्ट्रॉम ८०० डीई २०२४ मध्ये १०.३० लाखांना आली. त्यानंतर किमती आणि कर दोन्ही बदलले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यापुढच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागतो. या दोन्ही गाड्या वरच्या गटात येतात. त्यामुळे जुन्या व्हिडिओतली किंमत गृहीत न धरता शोरूममधून ताजी ऑन-रोड किंमत लेखी घ्यावी. महाराष्ट्रात रोड टॅक्स किमतीच्या टक्केवारीत असल्याने महाग गाडीवर तोही वाढतो.

कर्जाचा फरक सर्वात मोठा. नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी ३ लाख घेतले, तर हप्ता सुमारे ६,२३० रुपये बसतो. तेच १० लाखांवर सुमारे २०,७६० रुपये. यात केवळ व्याजच २ लाख ४५ हजारांच्या घरात जाते, म्हणजे जवळपास एका मध्यम बाइकची किंमत.

पेट्रोलचा फरक त्यामानाने लहान आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर धरले, तर मोठ्या बाइकला सुमारे १२० लिटर जास्त लागतात. लिटरला १०५ रुपये धरल्यास हे वर्षाला साडेबारा हजारांच्या आसपास जाते. थर्ड पार्टी विम्यात तर फरकच नाही, कारण ३५० सीसीच्या पुढे एकच दर आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर ठरतो, म्हणून तो मोठ्या बाइकला बराच जास्त पडतो. टायर, ब्रेक पॅड, साखळी संच आणि पडल्यावर तुटणारे लिव्हर व इंडिकेटर हेही महाग असतात.

दुरुस्ती कुठे होते, हा प्रश्न खर्चाइतकाच महत्त्वाचा. जास्त खपणाऱ्या मध्यम बाइकचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावीही सापडते. मोठ्या बाइकसाठी बऱ्याचदा मोठे शहर गाठावे लागते आणि सुटा भाग मागवून थांबावे लागते. महाग गाडी म्हणजे सगळ्या सोयी, असेही नाही. व्ही-स्ट्रॉम ८०० डीईच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते, तर हिमालयन ४५० ला ट्यूबलेस तारांच्या चाकांचा पर्याय मिळतो. पंक्चर काढायची वेळ आली, की हा फरक आठवतो.

परवाना एकच, पण अनुभव?

युरोपीय संघात ए२ परवान्यावर ३५ किलोवॅटपर्यंतचीच, म्हणजे सुमारे ४७ पीएसची मोटारसायकल चालवता येते. तो दोन वर्षे वापरल्यावर मोठ्या गाडीचा परवाना मिळू शकतो. भारतात असे टप्पे नाहीत. गिअरच्या मोटारसायकलीचा एकच परवाना १०० सीसीलाही चालतो आणि १,३०० सीसीलाही. त्यामुळे हा टप्पा चालकाने स्वतःच ठरवायचा असतो. आजवर १५०-२०० सीसी चालवली असेल, तर थेट ८०० वर जाण्याआधी एक-दोन वर्षे मध्यम बाइकवर घालवणे शहाणपणाचे. वाचलेल्या पैशांत चांगले हेल्मेट, संरक्षक जॅकेट, बूट आणि एखादे प्रशिक्षण होते.

कोणी कोणती घ्यावी?

मध्यम बाइक: पहिली अ‍ॅडव्हेंचर बाइक घेणारे, एकटे फिरणारे, कच्च्या रस्त्यांची आवड असणारे, तीच गाडी ऑफिसलाही नेणारे आणि उंची किंवा ताकद बेताची असणारे.

मोठी बाइक: हाताशी अनुभव असणारे, वर्षातून अनेकदा सोबत्यासह राज्याबाहेर जाणारे, रोजच्या वापरासाठी दुसरे वाहन असणारे आणि हप्ता गेल्यावरही प्रवासाला पैसे उरणारे.

याहून हलका पर्यायही आहे. मुख्य हेतू डोंगरातल्या पायवाटा हाच असेल, तर १७० किलोच्या आसपासची हिरो एक्सपल्स २१० सारखी बाइक या दोन्हींपेक्षा सोपी ठरते.

पैसे भरण्याआधी काय करून पाहावे?

शोरूमच्या दहा मिनिटांच्या फेरीवर निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास दोन्ही प्रकारच्या गाड्या एकेक दिवस भाड्याने घ्याव्यात. मागे बसणाऱ्यालाही सोबत न्यावे, कारण त्याचे मत तितकेच मोलाचे. अर्धा तास शहराच्या गर्दीत चालवून पायांना इंजिनाची उष्णता किती लागते ते पाहावे. चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरू करावी. इंजिन बंद ठेवून ती पार्किंगमधून हाताने मागे काढावी. शेवटी मागच्या बारा महिन्यांतले सगळे प्रवास कागदावर लिहावेत: किती एकट्याने, किती दोघांनी, किती किलोमीटर, कोणता रस्ता. पुढच्या वर्षीचे प्रवासही बहुधा तसेच असतात. त्या यादीला जी बाइक जुळते, ती घ्यावी.