हरवलेल्या पेटीचा आवाज

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा चित्र आणि आवाज एकाच पेटीत नांदत होते. पिक्चर ट्यूबमुळे पेटी अवजड असे. तिच्या पोकळीत स्पीकरलाही ऐसपैस जागा मिळे आणि बहुधा तो श्रोत्याकडे तोंड करून असे. पुढे पडदा सपाट झाला, पेटी गेली. लहान झालेला स्पीकर खाली किंवा मागे वळला. चित्र उजळले, शब्द पुसट झाला. घरातील वृद्धांना संवाद कळेनासे झाले, तेव्हा दोष मात्र त्यांच्या कानांना दिला गेला.

साउंडबार ही त्या पेटीचीच भरपाई होय. म्हणून तो निवडताना दणदणाटापेक्षा संवाद पारखावा. मधोमध संवादांसाठी स्वतंत्र स्पीकर असल्यास उत्तम. लांबी पडद्याहून अधिक नसावी. भिंतीवर तो पडद्याच्या लगेच खाली, बसलेल्या माणसाच्या कानांच्या पातळीजवळ यावा. दुकानात गाण्याऐवजी बातम्या ऐकून पाहाव्यात.

शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचावा, ही आपल्या रंगभूमीची जुनी अट. दिवाणखान्यानेही ती का सोडावी?