रक्तशर्करेतील चढउतार आणि हृदयाच्या सूक्ष्मरक्तवाहिन्या

हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रोहिण्या अँजिओग्राफीत दिसतात. त्यांच्यापुढचे, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांचे जाळे दिसत नाही. पण स्नायूला किती रक्त मिळणार हे बहुतांशी तेच ठरवते. श्रम करताना निरोगी हृदयातला प्रवाह विश्रांतीच्या तिपटी-चौपटीपर्यंत जातो. मोठ्या रोहिण्या मोकळ्या असूनही अ‍ॅडेनोसीन हे वाहिन्या पसरवणारे औषध दिल्यावर प्रवाह दुपटीपर्यंतही वाढला नाही, तर सूक्ष्मवाहिन्यांचे कार्य बिघडले असे मानतात. ‘अँजिओग्राफी नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलेल्या, तरीही छातीत दुखणाऱ्या रुग्णांपैकी काहींचे, विशेषतः स्त्रियांचे, दुखणे येथे असते.

मधुमेहाची नेहमीची चाचणी एचबीए१सी ही सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. दिवसभर १६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास राहणारी साखर आणि ७० ते २५० मध्ये हेलकावणारी साखर, दोन्हींची सरासरी सारखी येऊ शकते. संशोधक अँटोनियो चेरिएल्लो यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले, की २४ तास एकसारख्या चढ्या साखरेपेक्षा ९० ते २७० मध्ये दर सहा तासांनी वरखाली केलेली साखर वाहिन्यांच्या अस्तराला जास्त बाधते. चढउतारांत ऑक्सिडीकारक ताण वाढतो आणि वाहिनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड निकामी होते. मात्र हे मोजमाप हाताच्या रोहिणीवरचे होते. हृदयाच्या सूक्ष्मवाहिन्यांबाबतचा पुरावा बराचसा निरीक्षणात्मक आहे. चढउतार कमी केल्याने हृदयविकार टळतो, हे अजून सिद्ध झालेले नाही. साखर एकदम उतरली तर अ‍ॅड्रेनलीन वाढून हृदयाची ऑक्सिजनची मागणीही वाढते, हा वेगळा धोका.

बीड जिल्ह्यात हा विषय ऊसतोडीशी येऊन भिडतो. हंगामात ‘कोयता’, म्हणजे तोडणाऱ्यांची जोडी, पहाटेपासून फडात राबते. भाकरी कधी पोटात पडेल ते ट्रॅक्टर कधी भरतो यावर. मध्ये गोड चहा. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकले, की साखर घसरण्याचा धोका असतो. उपवासालाही तोच धोका. पुढे साबुदाणा खिचडीने साखर झपाट्याने चढते. त्यामुळे डॉक्टरांनी गोळीसोबत जेवणाच्या वेळाही विचाराव्यात. अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण मजूर हंगामात पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. दंडावर लावून सतत साखर नोंदणारा सेन्सर साधारण दोन आठवडेच टिकतो आणि मजुरीच्या मानाने महाग पडतो. जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर घेतलेल्या नोंदींवरूनही चढउताराचा ढोबळ अंदाज येतो.