मोटारसायकलचा स्टार्टर आणि मेरिडनचे कामगार

जुन्या मोटारसायकलच्या स्टार्टरवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे कोणाला वाटेल. आमचे उमेदीचे दिवस एका कारखान्याच्या वायंडिंग खात्यात गेले. पुस्तकांशी ओळख होण्यापूर्वी आमची ओळख कार्बन ब्रशशी झाली. पण खरे कारण निराळे आहे. आज ज्या स्टार्टरविषयी सांगायचे, तो मालकांनी नव्हे, कामगारांनी आपल्या कारखान्यात बसविला.

१९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या स्टार्टरने कॅडिलॅक मोटारीचे हॅंडल सोडविले. १९१४ साली इंडियन कंपनीने मोटारसायकललाही स्टार्टर लावून पाहिला, पण बॅटऱ्यांनी दगा दिला. पुढे कित्येक वर्षे बहुतेक स्वार लाथच मारीत राहिले. १९६९ साली होंडाची ७५० सी.सी.ची गाडी बटण घेऊन आली. इंग्लंडच्या ट्रायम्फ बॉनव्हिलला तेव्हा किकच होती.

ही बॉनव्हिल कोव्हेंट्रीजवळ मेरिडन येथे तयार होई. सप्टेंबर १९७३ मध्ये नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ कंपनीचे प्रमुख डेनिस पूर यांनी कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी फाटक अडविले, आणि तयार गाड्या आत अडकून पडल्या. थंडीपावसात हा पहारा दीड वर्ष चालला. १९७४ साली मजूर पक्षाचे सरकार आले, टोनी बेन उद्योगमंत्री झाले, आणि मार्च १९७५ मध्ये सुमारे पन्नास लक्ष पौंडांच्या सरकारी मदतीवर, त्यातही बहुतांश कर्जावर, कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. पगार सर्वांना सारखा, आठवड्याला ५० पौंड. एक गोष्ट आमच्या मंडळींना रुचणार नाही, तरी सांगतो. त्याच कंपनीच्या बर्मिंगहॅममधील स्मॉल हीथ कारखान्यातील कामगार या योजनेच्या विरुद्ध होते. आपल्या पोटावर पाय येईल ही त्यांची भीती निराधार नव्हती.

१९७५ सालीच कंपनीने आपल्या नॉर्टन कमांडोला स्टार्टर दिला. तो इतका दुबळा की किकची मदत घ्यावी लागे. मेरिडनच्या गाडीला बटण आले १९८० मध्ये. इंजिनाची मूळ आखणी १९३७ सालच्या ट्रायम्फची. त्यात मोटर ठेवायची कोठे? सिलिंडरांच्या मागे, जेथे पूर्वी मॅग्नेटो बसे, ती जागा रिकामी होती. मोटर तेथे बसवून तिचा जोर टायमिंगच्या दातेरी चाकांतून इंजिनाला दिला. गाडी चालू झाल्यावर मोटर सुटी राहावी म्हणून मध्ये एकाच दिशेला पकडणारा क्लच. जुने घर न पाडता त्यात नळ आणावा, तसे हे काम.

या स्टार्टरची निगा अवघड नाही, मात्र आळशी माणसाची नव्हे. प्रथम दिवा लावून बटण दाबावे. दिवा एकदम मंद झाला, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहेत. दिवा तसाच तेजस्वी आणि मोटर गप्प, तर दोष बहुधा बटणात किंवा रिलेत. मोटर गरगरते पण इंजिन हलत नाही, तर तो क्लच घसरतो आहे. आमच्या अनुभवाने दहांतले सात दोष मोटरीत नसतातच. ते अर्थच्या जोडात असतात. तेथला रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करावा, नट आवळावा, वर व्हॅसलीन लावावे. थंड इंजिन आधी इग्निशन बंद ठेवून दोन-तीनदा किकने फिरवावे. बटण पाच-सहा सेकंदांपेक्षा अधिक दाबून ठेवू नये. मोटर शेकडा-सव्वाशे अँपिअर ओढते, आणि तापलेले वायंडिंग मुकाट्याने जळते. ठिणगीची वेळ चुकली असेल तर इंजिन उलटा झटका देते; तो सोसतो बिचारा क्लच. ब्रश झिजले तर बदलावे. घासून पुन्हा तेच बसविण्याची काटकसर महाग पडते.

ऑगस्ट १९८३ मध्ये मेरिडनची संस्था बुडाली. कामगारांना कारखाना चालविता येत नाही, असा दाखला देणारे तेव्हाही होते. कर्ज, जुनी यंत्रे आणि जपानी गाड्यांचे भाव यांचा हिशेब ते मांडीत नाहीत. समान पगारावर कसबी माणूस टिकवणे कठीण होते, हे मात्र आम्हांला मान्य आहे. आपल्याकडे १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज कामगारांच्या हाती देण्याची योजना मान्य केली, तेव्हा आम्हांला मेरिडनची आठवण झाली.

ट्रायम्फचे नाव जॉन ब्लूर यांनी विकत घेतले. ते घरे बांधणारे. मेरिडनचा कारखाना पाडून तेथे वसाहत झाली. तिच्यातल्या एका गल्लीला बॉनव्हिल क्लोज म्हणतात.